धुऱ्यावरचे झाड कोणाचे?

दरवर्षी जुलै महिना आला की आपल्या जिल्ह्यात वृक्षारोपणाची धामधूम सुरू होते. खड्डे खणले जातात, पाहुणे येतात, भाषणे होतात आणि रोपाला पाणी घालतानाचे छायाचित्र निघते. २०१७ साली राज्याने ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला होता. या संकल्पांची थट्टा करावी असा माझा हेतू नाही. झाड लावणे हे चांगलेच काम आहे. परंतु ज्या आठवड्यात गावच्या शाळेच्या आवारात हातभर उंचीचे रोप लागते, त्याच आठवड्यात त्याच गावच्या शिवारात धुऱ्यावरचा चाळीस वर्षांचा लिंब आडवा होतो, आणि त्याची बातमी कोठेच येत नाही. लावलेल्या झाडांचा हिशेब सरकार ठेवते. पडलेल्या झाडांचा हिशेब कोण ठेवतो?

मी या लेखात जंगलाविषयी लिहिणार नाही. जंगलाला वनखाते आहे, काटेपूर्णा आणि कारंजा-सोहोळसारखी अभयारण्ये आहेत, त्यांना रखवालदार आहेत. मला लिहायचे आहे ते शेतातल्या झाडाविषयी. धुऱ्यावरची बाभूळ, विहिरीजवळची चिंच, नाल्याकाठचे जांभूळ, वावराच्या मधोमध उभा असलेला मोह किंवा आंबा, यांना रखवालदार नाही. त्यांचा रखवालदार म्हणजे शेत करणारा माणूस. आणि माझे स्पष्ट मत असे आहे की, आज शेत करणारा माणूस आणि झाड यांचा संबंधच तुटलेला आहे. झाडे का तुटतात याचे उत्तर आपण करवतीत शोधतो. ते सातबाऱ्यात शोधले पाहिजे.

तरी सुरुवात करवतीपासूनच करू, कारण ती डोळ्यांना दिसते. जुन्या काळी मोठे झाड पाडायचे म्हणजे दोन माणसांचा दिवस जाई. कुऱ्हाडीने खाच घ्यायची, दोघांनी दोन बाजूंना बसून आरा ओढायचा, दोर बांधून झाडाचा कल बघायचा. या श्रमामुळेच माणूस झाड तोडण्याआधी दोनदा विचार करी. आता पेट्रोलवर चालणारी, साखळीच्या दातांची करवत आली आहे. एक माणूस ती खांद्यावर टाकून मोटारसायकलवर येतो आणि अर्ध्या-पाऊण तासात झाड जमिनीवर असते. मागून जेसीबी येतो आणि बुंधा मुळासकट उपटून धुरा सपाट करून देतो. संध्याकाळी ट्रॅक्टरची ट्रॉली भरून निघून जाते. दुसऱ्या दिवशी तेथे झाड होते हे सांगूनही पटत नाही.

यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. यंत्राने कष्ट वाचतात आणि आरा ओढून ज्यांच्या छातीचा भाता झाला त्यांना विचारले तर ते यंत्राचेच गुण गातील. पण एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जो प्रसिद्ध आदेश दिला, त्यात वनक्षेत्रातल्या आरा गिरण्यांनाही केंद्र सरकारच्या मंजुरीवाचून मनाई केली. तेव्हापासून आरा गिरणीच्या परवान्याकडे बारीक नजरेने पाहिले जाते. म्हणजे लाकूड चिरणारे जे यंत्र एका जागी पक्के उभे असते त्याच्यावर पहारा आहे. परंतु झाड पाडणारे जे यंत्र शिवारभर फिरते ते अवजारांच्या दुकानात पैसे मोजले की मिळते. ते चालवणाऱ्या मजुराच्या डोक्यावर टोप नसतो, पायात धड जोडा नसतो, साखळी तुटली तर दवाखान्याचा खर्च कोण करणार हे ठरलेले नसते. झाड बेवारस आणि झाड पाडणाराही बेवारस.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्रात झाडे तोडण्याचे नियमन करणारा कायदा १९६४ साली झाला. त्याच्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, चंदन, हलदू, बिजा, ऐन अशी सोळा झाडे आहेत. ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. मूळ कायद्यात दंडाची मर्यादा हजार रुपये होती. १९६४ साली हजार रुपये म्हणजे मोठी रक्कम होती हे खरे. परंतु आपल्या शिवारात सर्वांत जास्त दिसणारी दोन झाडे, बाभूळ आणि लिंब, या यादीत नाहीत. दुसऱ्या बाजूने, शेतातला साग रीतसर विकायचा तर अर्ज, मोजणी, पाहणी, झाडावर हातोड्याचा शिक्का आणि वाहतुकीचा परवाना एवढे सगळे सोपस्कार आहेत. लहान शेतकऱ्याला इतके हेलपाटे परवडत नाहीत. मग तो उभे झाड ठेकेदाराला गुत्त्याने देऊन टाकतो.

या गुत्त्याच्या व्यवहारात शेतकरी कसा नागवला जातो हे कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही कळेल इतके सोपे गणित आहे. लाकूड मोजण्याची जुनी रीत अशी की ओंडक्याच्या घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. घेर ४ फूट आणि लांबी १० फूट असेल तर या रीतीने १० घनफूट लाकूड भरते. वर्तुळाच्या खऱ्या हिशेबाने मात्र त्याच ओंडक्यात सुमारे १२.७ घनफूट लाकूड असते. म्हणजे शेकडा एकवीस भाग मापातच गळाला. साल आणि चिरताना निघणारी फाके वजा जातात म्हणून ही रीत आहे, असे व्यापारी सांगतात आणि त्यात तथ्यही आहे. पण आपल्याकडे ही रीतसुद्धा पाळली जात नाही. ठेकेदार झाडाभोवती एक फेरी मारतो, वर बघतो आणि आकडा सांगतो. ज्याला चौथाईचा हिशेब ठाऊक नाही तो त्या आकड्यावर मान डोलावतो. ज्या शेतकऱ्याने सोयाबीनच्या क्विंटलमागे दोन किलोच्या घटीसाठी अडत्याशी भांडण केलेले असते, तोच शेतकरी चाळीस वर्षांचे झाड नुसत्या नजरेच्या मापाने देऊन टाकतो.

असे का होते? कारण ते झाड त्याला आपले धन वाटत नाही, अडचण वाटते. पूर्वी नांगर, वखर, तिफण, गाडीची चाके ही बाभळीच्याच लाकडाची असत. गावातला सुतार त्या बाभळीवर जगे आणि शेतकरी त्या सुतारावर अवलंबून असे. लोखंडी अवजारे आली, ट्रॅक्टर आला आणि बाभळीचे कामच उरले नाही. पुढे सोयाबीन आले. सोयाबीनवर सावली पडली की तेवढ्या तासांना शेंग धरत नाही. झाड मध्ये असले की ट्रॅक्टर वळत नाही, मळणीचे यंत्र आत जात नाही. ही कारणे खरी आहेत आणि ती नाकारून कोणी पर्यावरणावर व्याख्यान देऊ लागला तर शेतकरी ऐकणार नाही.

पण याहून मोठे एक कारण आहे आणि ते मी माझ्या घरात पाहतो. आमचे घर मंगरूळपीर तालुक्यातले. माझे वडील गेली बारा वर्षे दुसऱ्याचे वावर करतात, कधी बटईने, कधी ठोक्याने. या बारा वर्षांत वावरे पाच बदलली. एकदा मी त्यांना विचारले, "बाबा, तुम्ही धुऱ्यावर दोन आंबे काऊन नाही लावत?" त्यांनी दिलेले उत्तर मला अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही. ते म्हणाले, "पोरा, झाड लावाले हात नाही लागत, सालं लागतात. मले पाडव्याले वावर भेटते अन् पुढच्या पाडव्याले जाते. आंबा लावू त दहा वर्सानं खाईन कोन?"

या एका वाक्यात साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे. जो शेत करतो त्याच्या हातात एकच वर्ष आहे आणि ज्याच्या हातात शंभर वर्षे आहेत तो शेत करीत नाही. मालक वाशीमला, अकोल्याला किंवा पुण्याला राहतो. त्याला शेतातून ठरलेली रक्कम हवी असते. बटईदाराला रक्कम फेडायची असते, म्हणून त्याला धुऱ्यापर्यंतचे प्रत्येक तास हवे असते. मालकाला झाडाची माया नाही कारण तो त्याच्या सावलीत बसत नाही. बटईदाराला माया असून उपयोग नाही कारण झाड त्याचे नाही. उलट काही ठिकाणी बटईदारच काडीकचरा पेटवून झाडाच्या बुडाला जाळ लावतो. दोन-तीन वर्षांत झाड वाळते आणि मग वाळलेले झाड तोडायला कोणाची हरकत नसते. हे मी बटईदाराचा मुलगा असून लिहितो आहे. आपल्या बाजूच्या माणसाची लबाडी झाकून प्रश्न सुटत नाही.

ही स्थिती एका दिवसात आलेली नाही. आपल्या भागात जमिनीचा हक्क आणि झाड यांचे वैर जुने आहे. वऱ्हाडात १८६५ साली पडीत जमिनीचे नियम झाले. त्याखाली जुन्या वाशीम जिल्ह्यात (तेव्हा पुसदही त्यात होते) आणि वणी म्हणजे आजच्या यवतमाळ जिल्ह्यात अनेक गावे इजाऱ्याने दिली गेली. झाडोरा काढून पडीत जमीन लागवडीखाली आणावी, या बोलीवर इजारदाराला गाव मिळे. आजही त्या बाजूच्या कित्येक गावांच्या नावांमागे 'इजारा' हा शब्द चिकटलेला आहे. म्हणजे ज्या इजाऱ्याला आपण एक जुनी जमीनपद्धती म्हणून परीक्षेपुरते पाठ करतो, तिचा सरळ अर्थ असा होता की, जो झाड तोडील त्याला जमीन मिळेल. झाड राखणाऱ्याला जमीन मिळाल्याचा नियम मात्र शोधूनही सापडणे कठीण.

स्वातंत्र्यानंतर कसणाऱ्याच्या बाजूने कायदे झाले. १९५१ साली वऱ्हाडातल्या शेतीच्या पट्ट्यांचे नियमन करणारा कायदा आला, १९५८ साली विदर्भाचा कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९६१ पासून पात्र कुळांकडे जमिनीची मालकी जाईल असे ठरले. हे कायदे थोर हेतूने झाले होते आणि काही घरांना त्यांनी खरोखर जमीन दिली. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. ज्या मुंबई प्रांताच्या १९४८ च्या कूळकायद्याच्या वळणावर आपला कायदा झाला, त्यात झाडाचा विचार स्पष्ट शब्दांत केलेला आहे. कुळाने लावलेल्या झाडाचे फळ आणि लाकूड कूळ असेपर्यंत कुळाचे, आणि कूळ सुटले तर त्या झाडाची भरपाई. आपोआप उगवलेल्या झाडाच्या उत्पन्नात दोन हिस्से कुळाचे, एक हिस्सा मालकाचा. पाऊणशे वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांना जे कळत होते ते आज आपण विसरून गेलो आहोत. कसणाऱ्याला झाडात वाटा दिल्याशिवाय झाड जगत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

मग हा हक्क गेला कोठे? तो कायद्यात राहिला आणि कायद्याच्या भीतीने व्यवहारातून गेला. कागद केला तर कूळ लागेल, या धास्तीने मालकांनी कागद करणेच सोडून दिले. बोलाचालीची बटई सुरू झाली. साक्षीदार नाही, पावती नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी मोबाईलवर आली, पण बोलीवर शेत करणाऱ्याचे नाव तेथेही चढत नाही. गारपीट झाली तर नुकसान बटईदाराचे आणि भरपाई खातेदाराची. २०१९ साली सुरू झालेल्या किसान सन्मान योजनेचे वर्षाचे ६००० रुपयेही ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचेच. जेथे पिकातच कसणाऱ्याचे नाव नाही तेथे झाडात कोठून येणार?

ई-क्लासच्या जमिनीवर तर याहून विचित्र प्रकार आहे. गावच्या या चराऊ जमिनीवर भूमिहीनांनी, त्यात दलित आणि बंजारा कुटुंबे बरीच, वर्षानुवर्षे पेरा केला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची काही अतिक्रमणे ठरावीक अटींवर नियमित करण्याचा निर्णय सरकारने १९९१ साली घेतला. नंतर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या कराव्यात असा निकाल दिला. या दोहोंच्या मध्ये जे अडकले त्यांच्या दारात रोपांची गाडी आली की त्यांच्या पोटात गोळा येतो. त्यांच्या लेखी सरकारी झाड म्हणजे जमीन सुटण्याची नोटीस. अशा माणसाने वृक्षारोपणाला विरोध केला तर त्याला निसर्गाचा वैरी म्हणणे हा अन्याय आहे. त्याचे वैर झाडाशी नसून झाडाच्या पाठीमागून येणाऱ्या कागदाशी आहे.

यावर कोणी म्हणेल की हा प्रश्न सरकारचा आहे, विद्यार्थ्यांनी अभ्यास करावा. मला हे मान्य नाही. काही गोष्टी सरकारने करायच्या आहेत हे खरे. २०१६ साली नीती आयोगाने डॉ. टी. हक यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा पुढे ठेवला. त्याचे तत्त्व साधे आहे. मालकाची मालकी अबाधित राहील, मुदत संपली की जमीन त्याला परत मिळेल, आणि त्या मुदतीत कसणाऱ्याला कर्ज, विमा आणि भरपाई मिळेल. मालकाची धास्ती गेली तर कागद होईल. माझे म्हणणे एवढेच की त्या कागदात झाडाचे एक कलम असावे. धुऱ्यावर आज कोणती किती झाडे उभी आहेत त्याची नोंद व्हावी. कसणाऱ्याने लावून जगवलेल्या झाडात त्याचा निम्मा वाटा असावा आणि वावर सोडताना त्याचे मोल त्याला मिळावे. पट्टा एका वर्षाचा न होता निदान पाच वर्षांचा व्हावा.

कूळकायद्याने मिळालेले संरक्षण यामुळे पातळ होईल, असा आक्षेप डावे कार्यकर्ते घेतात. तो वजनदार आक्षेप आहे. परंतु ज्या संरक्षणाचा लाभ आज बोलीवरच्या बटईदाराला एक दिवसही मिळत नाही, ते कागदावर अभंग ठेवून त्याच्या पदरात काय पडते? मोठ्या हक्काची वाट पाहत बसलेल्या माणसाला लहान हक्क तरी लिहून मिळाला पाहिजे. मात्र हा भाडेपट्टा मोठ्या कंपन्यांना शिवारे गिळण्याचे दार होऊ नये, एवढी खबरदारी कायद्याने घेतलीच पाहिजे.

नियम बदलला की माणूस बदलतो याचा दाखला आपल्यासमोर आहे. २०१७ साली संसदेने वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला. तोपर्यंत स्वतःच्या शेतातला बांबू तोडून नेणेही जिकिरीचे होते. ती अडचण गेल्यावर शेतकरी बांबूकडे पीक म्हणून पाहू लागला. झाड तोडून विकण्याची वाट मोकळी झाली की लोक झाडे लावतात, हे ऐकायला उलटे वाटते. पण शेतकरी शेवटी जे विकता येते तेच पेरतो.

आता आपल्या हातातले काम. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक आहे. दरवर्षी हिवाळी शिबिरात आपण एखाद्या गावात जातो, रस्ता झाडतो, शोषखड्डे खणतो, पथनाट्य करतो. एका वर्षी त्याऐवजी आपण शिवार मोजावे असे मी सुचवितो. चार-चार विद्यार्थ्यांच्या तुकड्यांनी धुऱ्याधुऱ्याने फिरावे. झाड कोणते, घेर किती, वावर कोणाचे, करतो कोण, आणि या धुऱ्यावर शेवटचे झाड कोणत्या साली लागले, एवढे पाच रकाने पुरेत. पाच दिवसांत एका गावाचे चित्र उभे राहील. भूगोलाच्या आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी मार्गदर्शन केले तर त्यातून एक चांगला प्रबंधही होईल. आणि जाताना गावातल्या तरुणांना एक टेप देऊन चौथाईचा हिशेब शिकवून यावा. रोपांच्या शंभर पिशव्यांपेक्षा त्या एका टेपने अधिक झाडे वाचतील, असा माझा विश्वास आहे.

काटेपूर्णा, अडाण, अरुणावती या नद्या आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरउतारावर उगम पावतात आणि आपल्याला कोरडे ठेवून खाली वाहून जातात. पाणी अडवायला बंधारे हवेत, तसे धुरेही हवेत आणि धुऱ्याला धरून ठेवायला मुळे हवीत. हे आपण सारे जाणतो. न जाणल्यासारखे करतो ते एवढेच की, त्या मुळांनाही कोणीतरी आपले म्हणणारा लागतो.

या वर्गांत जमीनमालकांची मुले आहेत आणि बटईदारांचीही. आपण एका बाकावर बसतो, एका डब्यात जेवतो. आपल्या वडिलांच्या पिढीत या दोघांमध्ये कागद होऊ शकला नाही, कारण एकाला भीती होती आणि दुसऱ्याला आवाज नव्हता. आपण शिकलो आहोत, म्हणून निदान कागद लिहिता येणे तरी आपल्याला अवघड जाऊ नये. ज्याच्या घरी वावर आहे त्याने येत्या पाडव्याला वडिलांजवळ हा विषय काढून पाहावा. पाच वर्षांची बोली, धुऱ्यावर पाच झाडे आणि त्यात कसणाऱ्याचा निम्मा वाटा, एवढेच मागणे आहे. वडील नाही म्हणाले तर का म्हणाले ते तरी कळेल, आणि पुढची चर्चा आपल्याला तेथून सुरू करता येईल.